दोन्ही फळ्या उजव्या

शहापूर, बेळगाव
ता. ११ फेब्रुवारी १९३६

नागोजीराव व्याही यांना शहापुराहून मारुतीरावाचा राम राम. इकडे सगळे खुशाल, तिकडेही तसेच असाल.

तुमचं पत्र पोचलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं, शालूला न्यायला कधी येऊ, असं तुम्ही विचारलंत ते घरात जसंच्या तसं वाचून झालं. वाचलं शालूनं, मी नुसता चष्मा लावून बसलो होतो. तुमची लेक पाचवीपर्यंत शिकलेली, त्यामुळे घरातली सगळी पत्रं आता तीच वाचते, आणि मी लिहायला बसलो की खांद्यावरून डोकावते. आत्ताही डोकावते आहे.

आता उत्तर. आमच्या घरात उत्तर देण्याचं खातं माझ्याकडे नाही, हे तुम्हाला लग्नातच कळलं असेल. तुमची विहीण मालुबाई म्हणाली, "बाळंतपण हितंच. हितं दवाखाना हाय, डाक्टर हाय. त्या बंधाऱ्यावर काय हाय? वारा आनि मगरी." मगरी नाहीत असं मी म्हणालो. ते कुणी ऐकलं नाही.

पण एक गंमत झाली. चौथा सरून पाचवा लागला तसं पोरीनं एकच धरलंय: मरळ मासळी पाहिजे, आणि तीही धुपदाळच्या तळ्यातली. आमच्या मष्णूनं बायकोसाठी गोव्याकडचे बांगडे आणले, तर तिनं वास घेऊन ताट सरकवलं. मालुबाई वैतागून म्हणाली, "ज्या बापाला लेकीचा डोहाळा पुरवता येत न्हाय, त्येच्याकडं बाळंतपणाला कशी धाडू?" मी लगेच विचारलं, "आनि पुरवला तर धाडशील?" रागाच्या भरात ती म्हणाली, "धाडीन." व्याही, मी मिलिटरीच्या वर्कशॉपात पंचवीस वर्षं रंधा मारला आहे. तावडीत आलेलं लाकूड मी सोडत नाही. शब्द पक्का करून घेतला. शालू साक्षीला आहे.

तुम्ही म्हणाल, मरळ काय हाक मारल्यावर येते? तुमच्या तळ्यात जाळं फाटतं आणि होडीच्या चाहुलीनं मासा पळतो, हे तुम्ही लग्नात सांगितलेलं मला आठवतं. त्यावर इलाज आहे. वर्कशॉपात असताना एका कर्नलसाहेबासाठी मी फळ्या करून देत असे. होडी आपली मधल्या पाण्यातून हळू जाते. दोरीला बांधलेली फळी होडीपासून चाळीस-पन्नास हात बाजूला पळते, आणि गळ त्या फळीच्या मागून जातो. पतंग वाऱ्यानं वर चढतो ना, तशी ही पाण्यानं बाजूला चढते. होडी एकीकडे आणि गळ दुसरीकडे, मग माशाला तुमचा पत्ता कसा लागणार?

फळी कशी करायची ते पाण्यावर ठरतं. म्हणून मला तीन गोष्टी कळवा. वारा कुठून असतो, मरळ बसते ते गवत कुठल्या काठाला आहे, आणि पाण्यावर लाटा किती उठतात. बाकीचं माझ्याकडे लागलं.

तुमचा
मारुतीराव


धुपदाळ
ता. १९ फेब्रुवारी १९३६

मारुतीराव व्याही यांना नागोजीचा नमस्कार. विहीणबाईंना माझा वेगळा आणि अक्काताईचा आणखी वेगळा नमस्कार.

पत्र तीनदा वाचलं. शालूला माझ्या तळ्याची आठवण आहे हे वाचून डोळे भरले. तुम्ही माझ्या लेकीसाठी एवढा विचार करता, याची फेड मी कशी करणार ते कळत नाही.

तुम्ही विचारलेलं लिहितो. बंधाऱ्याची दारं उघडायची आणि लावायची हे माझं काम, त्यामुळे वारा आणि पाणी रोज बघावंच लागतं. होळीपासून पुढे वारा पश्चिमेचा, सकाळी आठला सुटतो तो संध्याकाळपर्यंत. लाटा वीतभर उठतात. गवत सगळं उत्तरेच्या काठाला. दक्षिणेला साहेबांच्या बंगल्याचा दगडी बांध आहे, तिथं गवताची काडी नाही आणि मासाही नाही. वाऱ्याबरोबर पूर्वेकडे होडी सोडली तर वल्हं मारावं लागत नाही, आवाज होत नाही. उलटं, वाऱ्याच्या तोंडाला जायचं तर वल्ह्यानं एवढी सळसळ होते की मासे गोकाकपर्यंत पळतील. तळ्याच्या बुडाशी जुन्या बाभळींची खोडं आहेत. जाळं टाकलं की तिथं अडकून चिंध्या होतात.

अक्काताई म्हणते, विहीणबाईंना सांगा की मगरी नाहीत. माझी बायको गेल्यापासून शालूला या माझ्या बहिणीनंच वाढवलं, हे तुम्हाला माहीत आहे. तिनं आतापासूनच डिंक, खारीक, हळीव जमवायला घेतलं आहे. मी म्हणालो, अजून शब्द मिळायचा आहे. ती म्हणाली, "शब्दाची वाट बघत बसलास तर डिंकाला किडं पडतील."

नागोजी


शहापूर
ता. ९ मार्च १९३६

नागोजीराव व्याही यांना राम राम.

गोकाक रोड स्टेशनावर तुमच्या नावाचं पार्सल उतरेल, ते सोडवून घ्या. आत दोन फळ्या आहेत. कशा केल्या ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही, तेव्हा ऐका.

पहिली सागवानाची केली. इतकी देखणी झाली की अर्धा दिवस मीच तिच्यावर हात फिरवत होतो. शिशाची पट्टी ठोकून हौदात टाकली ती सरळ तळाला. मालुबाई म्हणाली, "आता हिच्यावर पोळ्या लाटते." साहेबाच्या वेळी लाकूड विलायती असे, त्याचा हलकेपणा मी विसरलो होतो. मग पांगारा आणला. पांगाऱ्याला कुठलाही मिस्त्री किंमत देत नाही, पण पाण्यावर त्याच्यासारखं लाकूड नाही.

लांबी एक हात, उंची एक वीत. तुमच्याकडे लाटा आहेत म्हणून वीत, सपाट पाणी असतं तर चार बोटं कमी केली असती. खालच्या कडेला शिशाची पट्टी ठोकली आहे, म्हणजे फळी पाण्यात उभी राहते. पुढचं टोक तिरकं तासलं आहे. दोरीची कडी पुढच्या बाजूला आहे, ती तिथंच राहू द्या. मधोमध बांधाल तर फळी भोवऱ्यासारखी फिरेल. मागच्या बाजूला बांबूचा चिमटा आहे, त्यात गळाचा दोरा धरायचा. मासा लागला की दोरा चिमट्यातून सुटतो आणि मासा थेट तुमच्या हाताशी येतो. वर लाल चिंधीचा झेंडा आहे, तो बघत राहायचं. जुनी पितळी पळी कापून दोन चमकते तुकडे केले आहेत, ते गळाला लावा. मरळ चमकणाऱ्यावर धावते.

आता एक बारीकशी गोष्ट. साहेबाकडे एक फळी उजवी असे, एक डावी. उजवी होडीच्या उजवीकडे पळते, डावी डावीकडे. तुमचं गवत डाव्या हाताला येतं हे मी ओळखलं. पण 'डावी' हा शब्द ऐकल्याबरोबर मालुबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. "पोटुशी पोर घरात, आनि तिच्या बापाच्या घरी डावी वस्तू धाडताय? शानं हायसा का?" बरं, एकटी वस्तूही धाडू देईना. व्याह्याकडे द्यायचं ते जोडीनं. तेव्हा दोन्ही फळ्या उजव्या केल्या. तुम्ही काळजी करू नका, त्यातली एक उलटी करून बांधली की झाली डावी. लाकडाला कुठं उजवं-डावं कळतं?

पार्सल बांधताना मालुबाईनं दोन्हींना हळदकुंकू लावलं. तोंडानं मात्र अजून नाहीच म्हणते आहे.

मारुतीराव


धुपदाळ
ता. २३ मार्च १९३६

मारुतीराव व्याही यांना नागोजीचा नमस्कार.

फळ्या पोचल्या. असं काम मी साहेबांच्या बंगल्यातसुद्धा पाहिलेलं नाही. अक्काताईनं दोन्हींना ओवाळलं. इथले लोक बघायला येऊन गेले, आणि हे आमच्या व्याह्यांच्या हातचं आहे हे मी प्रत्येकाला सांगितलं.

पाण्यावर फळ्या फार चांगल्या पळतात. फार जोरात पळतात. शिशाची पट्टी भक्कम आहे. मासा अजून लागलेला नाही, पण त्यात फळ्यांचा दोष नाही, माझाच हात बसायचा आहे. दोन दोरे तुटले, ते जुनेच होते. झेंड्याचा लाल रंग थोडा माझ्या होडीला लागला आहे, शोभून दिसतो.

शालूला सांगावं, थोडा धीर धर. विहीणबाईंनी हळदकुंकू लावलं हे वाचून अक्काताईनं मला ते पुन्हा वाचायला लावलं.

नागोजी


धुपदाळ
ता. ४ एप्रिल १९३६

माझी शालू बाय, तुझ्या अक्काताई आत्याचा आशीर्वाद.

शाळेच्या मास्तरांकडनं लिहून घेतीया. मी बोलती तसंच लिवा म्हटलंय, म्हणून तुला वाचाय सोपं जाईल.

तुझा बाप लबाड न्हाय गं, पर व्याह्याम्होरं त्येची जीभ टाळ्याला चिकटती. त्यानं काय लिवलंय ते मला ठावं हाय. आता खरं ऐक. रोज फटफटीत उजाडलं की होडी काढतो. एक फळी सोडली की ती पळती बंगल्याच्या दगडी बांधाकडं. तिथं काय मासं हायती? तिथं धोंडं हायती. दुसरी फळी उलटी करून बांधली, तर शिशाची पट्टी वर आली आनि फळी कोलांटी मारून पालथी पडली. सुलटी करून डाव्या अंगाला सोडली, तर होडीच्या पोटाखालनं पलीकडं गेली आनि पयल्या फळीला मिठी मारून बसली. मग दुपारपातूर दोऱ्या सोडवत बसतो. वाऱ्याच्या तोंडाला वल्हवून बघितलं, तर सगळं तळं जागं झालं. मी काठावर हुबी राहून बघती, हसू बी येतं आनि कीव बी येती.

मी म्हटलं, अरं बाबा, लिही की व्याह्यास्नी. तर म्हणतो, "माझी लेक त्यांच्या घरात हाय. व्याह्याच्या वस्तूत खोट काढनारा लेकीचा बाप कुठं बघितलाईस व्हय?" आता ह्येला काय म्हणावं? खोट फळीत हाय, तुझ्या सासऱ्यात न्हाय. पर त्येला ते पटत न्हाय.

आठवा लागला की पोरीला गाडीत बसवत न्हाईत. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तुला आठवा लागंल. तुझा बाप भिंतीवर कोळशानं रेघा मारून दिवस मोजतोय. मला बघवत न्हाय, म्हणून तुला सांगितलं. तू खाऊन-पिऊन ऱ्हा, जड उचलू नकोस.

आनि ह्ये पत्र कुणाला वाचून दाखवू नकोस.

तुझी आत्या
अक्काताई


शहापूर
ता. १२ एप्रिल १९३६

नागोजीराव व्याही यांना राम राम.

तुमच्या बहिणीचं पत्र आम्ही सगळ्यांनी ऐकलं. कुणाला वाचून दाखवू नकोस हे तिनं शेवटी लिहिलं होतं, आणि शालू पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचत सुटली होती. शेवटची ओळ आली तेव्हा पोरीनं जीभ चावली. तिला बोलू नका, तुमच्या बहिणीलाही बोलू नका. तिचे माझ्यावर उपकार झालेत.

फळ्यांनी मिठी मारली तिथं मी पोट धरून हसलो. मग लाज वाटली. शिसं खालच्या कडेला माझ्याच हातानं ठोकलं, आणि फळी उलटी केली की शिसं वर येणार एवढं मला सुचू नये? पंचवीस वर्षांचा मिस्त्री म्हणवतो मी! आणि त्याहून जास्त लाज याची वाटली की माझी चूक तुम्ही महिनाभर डोक्यावर घेऊन फिरलात. व्याही, लेकीचे बाप आहात म्हणून माझ्या कामात खोट काढू नये, हा कुठला न्याय? हे लाकडाचं काम आहे, लग्नाच्या मांडवातला मानपान नाही. यापुढे खोट दिसली तर त्याच दिवशी लिहा. नाही लिहिलंत तर मी खरंच रुसेन.

या पार्सलात डावी फळी आहे. अगदी डावी. मालुबाईच्या समोर बसून तासली. ती बांधताना म्हणाली, "पाळणा कुठल्या हातानं हलवत्यात? डाव्याच. उजव्यात काम असतंय." एवढं बोलून आत गेली. शालू माझ्याकडे बघायला लागली, मी तिच्याकडे.

एक गोष्ट तुम्हाला आधीच सांगायला हवी होती. हे पत्र मी मष्णूच्या दुकानात बसून लिहितो आहे, म्हणजे कुणी डोकावणार नाही. आमची थोरली मुलगी जया वारली हे तुम्हाला माहीत आहे. कशी, ते मी कधी सांगितलं नाही. आठ वर्षांपूर्वी पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली, म्हणजे इथं. दोन दिवस कळा देत होती. सुईण म्हणाली, अजून थांबू. मालुबाई म्हणाली, थांबू. मी टांगा आणायला निघालो तर मालुबाईनंच मला थांबवलं. शेवटी टांगा आला तेव्हा नेण्यासारखं कुणी उरलं नव्हतं. पोरही गेली, बाळही गेलं.

तुमच्यावर मालुबाईचा राग नाही. बंधाऱ्यावरही नाही. बाळंतपणाला माहेरी गेलेली पोर हे शब्द ऐकले की ती आतून हादरते, आणि हादरलेलं दिसू नये म्हणून भांडते. इतकंच आहे. तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं.

मारुतीराव


धुपदाळ
ता. २५ एप्रिल १९३६

मारुतीराव व्याही यांना नागोजीचा नमस्कार.

हे पत्र घेऊन येणारा रायगोंडा माझ्या ओळखीचा आहे. तो जैन आहे, मासा त्याच्या घरात चालत नाही. तरी घागरीचं तोंड फडक्यानं बांधून, तिच्याकडे न बघता, ती बेळगावपर्यंत आणायला तो कबूल झाला. घागरीत मरळ आहे. जिवंत आहे. मरळ तोंडानं वारा घेते, त्यामुळे घागरीत थोडं पाणी असलं तरी जगते. फडकं तेवढं सांभाळून सोडा, उडी मारते.

कशी लागली ते सांगतो. डावी फळी आली त्या दिवसापासून वाराच पडला. चार दिवस पाणी आरशासारखं. पाचव्या दिवशी सकाळी वारा आला. होडी सोडली, फळी पाण्यात ठेवली, आणि व्याही, काय सांगू! माहेरच्या वाटेला लागलेल्या पोरीसारखी ती गवताकडे निघाली. मागं वळून बघेना. मी पन्नास हात दोरी सोडली. गवताच्या अगदी कडेकडेनं फळी चालली होती आणि मी एवढ्या लांब बसून बिडी ओढत होतो.

दोनदा झेंडा हलला आणि दोरा चिमट्यातून सुटलाच नाही. मासा फळीसकट ओढून गवतात शिरला आणि गळ टाकून गेला. तुम्ही खोट लिहा म्हणालात, म्हणून लिहितो: तुमचा चिमटा फार घट्ट आहे. बांबू मी चाकूनं थोडा तासला. हे लिहिताना दोन कागद फाडले, पण लिहिलं.

तिसऱ्या वेळी झेंडा आडवा झाला, दोरा टच्‌कन सुटला आणि हाताला असा हिसका बसला की मी होडीत बसल्या जागी पुढे सरकलो. बाहेर काढली तेव्हा माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत भरली. अक्काताई काठावर होती, ती नाचली. तिचं वय बावन्न आहे.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिलं ते. मासा घेऊन मी स्वतःच येणार होतो. धोतर धुऊन ठेवलं होतं. पण तुमचं मागचं पत्र खिशात आहे, ते रोज वाचतो. मी मासा घेऊन दारात उभा राहिलो तर विहीणबाईंना वाटेल, व्याही शब्द वसूल करायला आला. रागात बोललेल्या शब्दाला धरून मला लेक न्यायची नाही. त्यांनी जे बघितलं आहे ते मी बघितलेलं नाही. त्यांची भीती खरी आहे आणि दवाखानाही खरा आहे. शालूचं बाळंतपण तिकडेच होऊ द्या. मरळ आहे ती डोहाळ्याची आहे, तिच्या बदल्यात काही नको.

मला वाईट वाटत नाही असं लिहिलं तर पुन्हा खोटं होईल. वाटतं. भिंतीवरच्या रेघा आज पुसल्या. पण पोर सुखात आहे आणि तिला तुमच्यासारखं घर मिळालं, यावर माझं समाधान आहे. दिवस भरत आले की कळवा, मी येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसेन.

नागोजी


शहापूर
ता. २८ एप्रिल १९३६

नागोजीराव यांना मालुबाईचा नमस्कार. लिहिणार शालू. जसं बोलते तसंच लिहायचं, एक शब्द इकडचा तिकडं करायचा न्हाय, असं तिला सांगितलंय.

मासा पोचला. रायगोंडा दारातनंच घागर ठेवून पळाला, पाणी बी देऊ दिलं न्हाई त्यानं. फडकं सोडताना तुमच्या व्याह्यास्नी सांगितलं होतं, संभाळून. संभाळलं न्हाय. मासा चुलीपातूर गेला. मष्णूनं धरला. कालवण मी केलं, कोकम घालून. पोरीनं दोन टायमाला खाल्लं आनि भांडं पुसून घेतलं. पयल्यांदाच ह्या महिन्यात पोटभर जेवली.

तुमचं पत्र तिनं मला वाचून दाखवलं. आदीचं, दुकानात बसून लिवलेलं, ते बी काय होतं ते आता मी ह्यांच्याकडनं काढून घेतलं. बरं झालं तुम्हाला कळलं. मला सांगाय जमलं नसतं.

खरं सांगते. तुम्ही मासा घेऊन दारात आला असता, तर मी न्हाय म्हणाले असते. धा कारणं काढून ठेवली होती. मासा लहान हाय, वार चांगला न्हाय, गाडीत धक्के बसत्यात. तुम्ही मागितलंच न्हाय. मग त्या धा कारणांचं मी काय करू? परवापासनं ती घेऊन बसलीया.

जया जिथं गेली त्या खोलीत मी जोंधळ्याची पोती रचून ठेवलीत. आठ वर्सं झाली. कुणाला तिथं निजू देत न्हाय. बाळंतपण हितंच म्हणून मी भांडत होते, पर हितं म्हंजे कुठल्या खोलीत, ते मला कुणी विचारलं न्हाय. माझं मलाच ठावं नव्हतं. शालू, रडू नकोस, लिही.

तुमच्या स्टेशनाजवळ दवाखाना हाय, तिथं नर्स हाय, असं मष्णू काल जाऊन बघून आला. तुमच्याकडं आला न्हाय, मीच येऊ नको म्हटलं होतं. नर्स चांगली हाय म्हणतो, हात सोच्छ हाय, बोलाय कडक हाय. मला कडकच पाहिजे. तिला सांगून ठेवा. बैलगाडी दारात बांधून ठेवायची, शेवटचा महिनाभर बैल कामाला न्यायचं न्हाईत. कळ आली की जायचं, थांबू म्हणायचं न्हाय. तुम्ही न्हाय, अक्काताईनं न्हाय, मी बी न्हाय.

मी बी न्हाय, म्हणजे मी बी येणार. पोचवाय न्हाय, ऱ्हायाला. लोक म्हणतील, पोराची आई व्याह्याच्या घरी जाऊन बसली. म्हणू देत. पोरीला माझ्या डोळ्याआड हू द्यायचं माझ्यात बळ न्हाय, आनि तिला माहेराबिगर ठेवायचं बी न्हाय.

माझी आई गेली, भाऊ गेला. कणकुंबीचं माहेरचं घर भावजयीनं विकलं. बारा वर्सं झाली, मी कुणाच्या घरी दोन दिवस बसून आयतं जेवले न्हाय. तुमच्या अक्काताईस विचारून कळवा. एका लेकीबरोबर दुसरीला जागा हुईल का?

मालुबाई
(लिहिणार शालू. अण्णा, सासूबाई सही करताना दोनदा थांबल्या.)


धुपदाळ
ता. १ मे १९३६

विहीणबाईंना नागोजीचा नमस्कार.

अक्काताईला विचारलं. ती माझ्यावरच रागावली. म्हणाली, "लेक माहेराला इचारून येती व्हय? आनि तू बी कसला बाप, इचारत बसलाईस."

मंगळवारी सकाळच्या गाडीला स्टेशनावर बैलगाडी घेऊन उभा आहे. दोघी या.

नागोजी